पहिल्या सभेचं चित्र

१९९३ साली गरीब चित्रकारांना मदत करणारी संस्था काढायला सयाजीनं चार मित्र घराच्या पुढच्या सोप्यात जमवले. त्याच्या आईनं, शालूबाईनं, खराटा उगारून सगळ्यांना हाकललं. "भिंत रंगवाय येत न्हाय, आन् म्हणं संस्था काढत्यात! उठा पावणं, वाट धरा!"

दहा वर्षांनी त्या संस्थेच्या वर्धापनदिनाला, सयाजीनं रंगवलेल्या पहिल्या सभेच्या चित्रावरचा पडदा सारायला शालूबाईलाच बोलावलं. आज पोरं चारचौघांत उट्टं काढणार, या धास्तीनं तिनं पडदा ओढला.

चित्रात ती दारात हसत उभी होती. हातात पावण्यांसाठी दुधाची चरवी होती. टाळ्या थांबेनात.

मान खाली घालून ती पुटपुटली, "सयाजी, ही कुणाची आई रंगवलीस रं?"