तळ्यावरची हाळी

बजरंग तळ्याच्या मध्यावर पोचला तेव्हा सुंदराबाई घाणेरीच्या झुडपांमागून बाहेर आली आणि उताराच्या शेवटच्या दगडावर बसली. तिच्या हातात काळी वायर होती. वायरचं एक टोक सोललेलं होतं. बाकीची झुडपांमागे, विजेच्या खांबाकडे गेलेली.

बजरंगची तिच्याकडे पाठ होती. ट्रकच्या ट्यूबमध्ये विणलेल्या दोरीवर तो बूड टेकून बसला होता, पाय मांड्यांपर्यंत पाण्यात. हातांत घातलेल्या जुन्या स्लिपरांनी पाणी मागे सारत तो गळ टाकायला वळला आणि त्याला ती दिसली. मग वायर दिसली.

"काकी?"

"बस, बस. उठू नगंस," सुंदराबाई म्हणाली.

उठायला त्याच्या पायाखाली होतं काय? जुन्या खाणीचं तळं ते. तीन बाजूंना सरळ कापलेला कातळ, त्यावर नव्या टॉवरांच्या गॅलऱ्या. बाहेर यायला वाट एकच, आणि तिथे ती बसलेली.

गाव पुणे शहरात सामावलं गेलं तरी या तळ्याचा एक रिवाज टिकून होता. करंट लावून मासे मारायचे तर आधी हाळी द्यायची. पोटातून, पुन्हा पुन्हा. ट्यूबवरचा शेवटचा माणूस काठावर आल्याशिवाय वायर पाण्याला लावायची नाही. वीज चोरीची, मासे चोरीचे, पण हाळी मात्र इमानाची. तोटा एवढाच, की हाळी ऐकून सगळी वस्ती टोपल्या घेऊन धावते आणि वर आलेल्या चिलापी माशांना वाटेकरी होतात.

गेल्या माघात बजरंगने वायर लावली तेव्हा सुंदराबाईचा मुलगा समर्थ कातळाच्या आडोशाला ट्यूबवर बसला होता. "मी हाळी दिली, त्यानंच ऐकली न्हाई," असं बजरंगने भावकीसमोर भंडारा उचलून शपथेवर सांगितलं. भावकीने माना डोलावल्या, चहा घेतला आणि उठली. पोरगं बुडून गेलं असं ठरलं. सुंदराबाईला कुणी काही विचारलं नाही. तीच प्रत्येकाला विचारत फिरली, तुम्ही ऐकली का हाळी, तुम्ही ऐकली का. लोक रस्ता बदलू लागले.

आज तिने पुन्हा विचारलं.

"दिली व्हतीस का रं हाळी?"

"दिली व्हती काकी. भंडारा उचललाय मी!"

"मी दारातच व्हते. मेथी निवडत. मला न्हाई आली ऐकू."

"एवढ्या लांब कशी येईल? आन् वारं उलटं व्हतं त्या दिशी."

सुंदराबाईने पदराचं टोक हातात धरून सोडलं. ते तळ्याकडे उडालं. वारा आजही घराकडून तळ्याकडेच होता.

"आसंल," ती म्हणाली.

तिने वायरचं सोललेलं टोक पाण्यावर झुकलेल्या फांदीत अडकवलं. ते वीतभर उंचीवर लोंबत राहिलं, वाऱ्यासरशी हलत. बजरंगने पाय वर ओढून घ्यायला पाहिलं, तशी ट्यूब कलंडली. घाबरून तो पुन्हा पाय सोडून बसला. ट्यूबमध्ये बसणाऱ्याचे पाय पाण्यातच राहतात. समर्थचेही होते.

"काकी, मागं खांबाच्या तारेवर आकडा टाकलाय का तुम्ही? खरं सांगा!"

सुंदराबाईला त्याच्या तोंडावरची भीती बघायची होती, पोटभर बघायची होती, आणि तिने ती बघितली. तिला जराही लाज वाटली नाही. मग ती उठली, साडी झटकली आणि झुडपांमागे गेली.

खांबाखाली वायरचं दुसरं टोक गवतात नुसतंच पडलं होतं. वर तारेपर्यंत काही गेलंच नव्हतं. वाऱ्याने वायर घसरू नये म्हणून तिने त्या टोकावर एक धोंडा ठेवला आणि घराची वाट धरली.

चढावर टॉवरमधले एक गृहस्थ भेटले. ट्रॅक पँट, हातात निर्माल्याची पिशवी.

"अहो मावशी, तळ्याला रस्ता हाच ना? कुठे पाटी म्हणून नाही."

"पाटी हाय की. निर्माल्य टाकू नये म्हणून."

"ती वाचली," ते म्हणाले आणि उतरू लागले.

सुंदराबाई घरी येऊन उंबऱ्यात बसली. मेथीची जुडी सोडली. शेजारच्या दारात बजरंगची बायको शालू कपडे पिळत होती. दोघी माघापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

तेवढ्यात तळ्याकडून आवाज आला.

"करंट! ओ काका, करंट हाय! फांदीला हात लावू नका! मागं व्हा! करंट!"

घसा फाडून, न थांबता. आज पाय त्याचे स्वतःचे पाण्यात होते. उलट्या वाऱ्यातून तो आवाज चढ चढला, वस्तीत शिरला आणि उंबऱ्यापर्यंत आला, शब्द न् शब्द. गल्लीतली दारं उघडली. माणसं बाहेर येऊन कान देऊ लागली. त्यांत भावकीतलीही होती.

शालूच्या हातातलं पातळ तसंच राहिलं.

"काकी," ती म्हणाली, "कोन वरडतंय ओ?"

सुंदराबाईने मेथीचं एक पान खुडलं.

"तुझा नवरा," ती म्हणाली. "बघ, किती लांबनं ऐकू येतंय."