पाठीमागचा वारा

वारा पाठीमागून आहे, त्यामुळे आपण पंचवीस मिनिटं आधी उतरू, असं वैमानिकाने जाहीर केलं. विमानातल्या सगळ्यांना बरं वाटलं. मास्तर मात्र घाईघाईने घड्याळ बघू लागले.

शाळेचं वेळापत्रक मास्तरच करत. अंतर सोळाशे किलोमीटर, वेळ अडीच तास, हे कळल्याबरोबर त्यांनी प्रवासाचेही तास पाडले होते. आधी थोरल्या भावाच्या चुका. मग चहा. शेवटचा अर्धा तास स्वतःच्या चुका आणि माफी. दादाच्या चुका मनातल्या मनात म्हणून संपवायच्या, म्हणजे राग विमानातच राहील आणि उतरताना तोंडात फक्त माफी असेल, असा साधा बेत होता.

दादाच्या चुका काही थोड्या नव्हत्या. वडिलांचं गॅरेज त्याने कुणाला न विचारता विकून टाकलं. वर "तुला त्यातलं काय कळतं?" असं चारचौघांत ऐकवलं. मास्तरांनीही उट्टं काढलं. पुतणीच्या लग्नाला गेले नाहीत. रजा मिळत नाही असं कळवलं आणि त्या दिवशी घरात पंख्याची पाती पुसत बसले. तेव्हापासून दोघांत अबोला. मग परवा वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे काही बोलवायचे नाहीत आणि तुम्ही काही आपणहून यायचे नाही. म्हणून मीच बोलावतेय. हे येतील विमानतळावर. पण या वेळी भांडलात, तर मी पुन्हा मध्ये पडणार नाही."

वहिनी बोलतील ते करणाऱ्या होत्या.

मास्तरांनी चहा रद्द केला आणि वेग वाढवला. पण चुका भराभर उरकता येईनात. एकेका चुकीला पोटचुका निघत होत्या. त्यांचे ओठ हलताना पाहून शेजारच्या बाईंनी समोरच्या खिशातली उलटीची पिशवी काढून गुपचूप त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी आभार मानले आणि पुढे चालू ठेवलं. चाकं जमिनीला टेकली तेव्हा मनातला दादा त्यांना अजून चारचौघांत बोलत होता.

मास्तर बाहेर आले ते ऐन रागात. माफीचा एक शब्द तयार नव्हता. तोंड उघडलं की भांडण होणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि त्याची त्यांना मनापासून भीती वाटली. गॅरेज गेलं तर गेलं, त्यांना दादा हवा होता.

दारापाशी दादा नव्हता. त्याच्या लेखी विमान अजून आभाळात होतं. मास्तर बॅग ओढत पार्किंगमध्ये गेले. एका जुन्या गाडीत, काचा वर करून, टक्कल पडलेला एक माणूस एकटाच तावातावाने बोलत होता. मध्येच स्टिअरिंगवर बोट आपटत होता. टक्कल नवीन होतं, बोट ओळखीचं होतं.

मास्तरांनी काचेवर टकटक केली. दादा दचकला. त्याने काच खाली केली आणि घड्याळात पाहिलं.

"इतक्यात कसा आलास तू? मी अजून तुझ्याच चुकांवर आहे."

"मी पण तुझ्याच," मास्तर म्हणाले.

दादाने हात लांब करून पलीकडचं दार उघडलं.

"बस आत. लांबच्या रस्त्याने नेतो."