डिझेलचा वास

झुलाल आबांची जुनी डिझेल व्हॅन वऱ्हाड घेऊन चोपड्याहून निघाली. थोडं पुढे जाताच गाडी चालवणाऱ्या आबांच्या शेजारी बसलेली त्यांची मुलगी पुनम, जिच्याकडेही ड्रायव्हिंगचं लायसन्स होतं, ओरडली, "आबा, गाडी थांबव! डिझेलचा वास येऊ राहिला."

आबांनी सगळ्यांना खाली उतरवलं. चिरलेल्या पाइपातून डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकत होतं. फिटरला बोलावून नवा पाइप बसवला. वऱ्हाड पुन्हा आत बसलं, गाणीही सुरू झाली. आबा मात्र दाराशी उभेच.

"चल ना आबा, आता कुठे येतोय वास?"

"मला मघाशी बी आला नव्हता, पोरी."

आबांनी गाडीतल्या माणसांकडे एकदा पाहिलं, किल्ली पुनमच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर जाऊन बसले.