बायकांच्या बाजूचं तबक

शालूबाई किटलीतून बेदाण्याचा रस प्याल्यांत ओतत होत्या. अंगठ्याएवढे काचेचे प्याले, तबकाच्या एकेका भोकात एकेक बसवलेले. चर्चमागच्या त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि रस घ्यायचा दिवस.

त्यांचे पती जोतीरामअण्णा दारात उभे होते. उजवा हात खिशात होता. खिशात हात थरथरत होता आणि हातात धरलेलं पत्रही.

"आज देतो पाळकसायबांस्नी," ते म्हणाले.

पत्रात काय आहे ते शालूबाईंना पाठ होतं. काल दुपारी त्यांनीच ते लिहून दिलं होतं, कारण अण्णांना आता चार ओळी लिहिणं जमत नव्हतं. मंडळीचे वडील म्हणून माझ्याच्यानं यापुढे काम होणार नाही, मोकळं करावं. प्रभुभोजनाचं तबक फिरवायचं ते वडिलांनी, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या जाणत्या माणसांनी. पुरुषांच्या बाजूला लालासाहेब आणि बायकांच्या बाजूला अण्णा, अशी वाटणी एकतीस वर्षं चालत आली होती. पावसाळ्यात हात थरथरायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी थरथर कमी होईल पण जाणार नाही, हेही सांगितलं. गेल्या महिन्यात तबक कललं आणि अर्जुनाबाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर पदरापासून निऱ्यांपर्यंत रस सांडला. त्या काही बोलल्या नाहीत. कुणीच बोललं नाही. अण्णांना तेच जास्त लागलं.

"प्रभूच्या नावाचा प्याला हाय," ते म्हणाले. "सांडून चालत न्हाई."

शालूबाईंनी हात पुढे केला, पत्र घेतलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर किटली टेकवली. किटलीचं बूड रसानं ओलं होतं.

"मग लालासायबाला सांगू का बायकांकडं जायला? आवं, लय भरभर चालतंय त्ये. डोळं मिटून प्रार्थना करावी तवर तबक म्होरं गेल्यालं असतंय."

अण्णा कागदावर उमटत चाललेला तपकिरी गोल बघत राहिले. ते पत्र आता कुणाला देण्याजोगं राहिलं नव्हतं. उपासना झाल्यावर दुसरं लिहून देईन, असं शालूबाईंनी सांगितलं आणि तबकांवर पांढरं कापड घातलं.

अण्णा पुढच्या बाकावर, वडिलांच्या जागी बसले नाहीत. मागे, दाराशी बसले. गाणी झाली, वचन वाचून झालं. पाळकांनी भाकर मोडली, ती वाटली गेली. मग लालासाहेब उठले आणि एक तबक घेऊन पुरुषांची बाजू पुरी करून आले. दुसरं तबक मेजावरच राहिलं.

इथं प्याला हातात आला तरी लगेच कुणी पीत नाही. सगळ्यांना मिळाला की पाळक सांगतात आणि मंडळी एकदम पिते. त्यामुळे पुरुष आपापले प्याले धरून बसून राहिले. लालासाहेबांनी मेजावरच्या तबकाकडे पाहिलं, मागे दाराकडे पाहिलं, आणि तबकाला हात न लावता जागेवर जाऊन बसले. पाळकांनी पुस्तकातून मान वर केली नाही. बायकांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं.

एवढी माणसं आपल्यापायी खोळंबलीत, हे अण्णांना सोसेना. ते उठले.

तबक उचलताच प्याले भोकांच्या कडांवर वाजू लागले. पहिल्या बाकावर अर्जुनाबाई होत्या. आजही पांढऱ्या लुगड्यात. अण्णांनी श्वास रोखून तबक त्यांच्यापुढे धरलं आणि खाली पाहिलं.

प्याले अर्धेच भरलेले होते. हात हलत होता तसा रस आतल्या आत डुलत होता, काठाजवळ चढत होता आणि परत उतरत होता. बाहेर थेंबही येत नव्हता. अण्णांनी पुरुषांच्या बाजूला नजर टाकली. लालासाहेबांच्या हातातला प्यालाही अर्धाच होता. त्यांच्या शेजाऱ्याचाही. शालूबाईंनी सगळ्या मंडळीचे प्याले अर्धे भरले होते.

मग अण्णांनी घाई केली नाही. एकेका बाकापाशी थांबून, बाई प्रार्थना करून डोळे उघडेपर्यंत वाट बघून ते पुढे गेले. तबक किणकिणत त्यांच्याबरोबर चाललं. चौथ्या बाकावर शालूबाईंनी इतरांसारखाच प्याला उचलला. अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही.

तबक मेजावर ठेवून अण्णा पुढच्या बाकावर बसले. पाळकांनी शेवटचा प्याला त्यांच्या हाती दिला. तबक दोन हातांत होतं, जडही होतं. प्याला एकाच हातात होता, आणि तो हलकाही होता. हात एवढा हलू लागला की अर्धा असूनही रस काठावर आला. अण्णांनी प्याला गुडघ्यावर टेकवला.

पाळक बोलायला उभे राहिले आणि थांबले. सगळ्यांचेच प्याले हातात राहिले.

शालूबाई उठल्या. लग्न होऊन या मंडळीत आल्यापासून बावन्न वर्षं त्या बायकांच्या बाजूला बसत होत्या. मधली वाट ओलांडायची नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण उपासना चालू असताना कुणी बाईनं ती ओलांडली नव्हती. आपला प्याला घेऊन त्या सरळ पुढच्या बाकापाशी आल्या. लालासाहेब न सांगता सरकले.

त्या बसल्या आणि त्यांनी अण्णांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. थरथर थांबली नाही. ती त्यांच्याही हातात चढली, थेट कोपरापर्यंत. दोन्ही हात तसेच हलत हलत वर गेले.

"प्या आता," त्या हळूच म्हणाल्या. "समदी थांबल्याती."