चार इंच

“पाय वर येणा नाय गो,” हरिश्चंद्र म्हणाले आणि जीपच्या दाराला धरून तसेच उभे राहिले.

जीपच्या चारही चाकांखाली मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या होत्या. एकावर एक, बरोबर चार इंच. आरिफाची ही पद्धतच होती. गाडी उंच करून घ्यायला आलेल्या माणसाला ती आधी घरची माणसं आणायला सांगायची. गाडी फळ्यांवर चढवायची आणि म्हणायची, बसा आता. मालवणातले बाकीचे मेकॅनिक यावर हसायचे. पण तोंडवलीच्या वाळूत पर्यटक फिरवणाऱ्या निम्म्या जीप तिच्या हातून गेलेल्या, तेव्हा हसून हसून किती हसणार? आरिफाने एकदा उंची सांगितली की गिऱ्हाईक पुन्हा विचारत नसे. तिचं माप चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

चंदन नांदगावहून मुद्दाम तिच्याकडे आला होता, वडिलांना, हरिश्चंद्रांना घेऊन. त्यांच्या डोंगरावरच्या काजूच्या बागेची वाट गेल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसात वाहून गेली होती. खालचे दगड उघडे पडले होते आणि जीपचं पोट त्यांच्यावर टेकत होतं. वर बिया गळायला लागल्या होत्या. आठ दिवसांत गाडी चढली नाही, तर अर्धं पीक साळिंदरांच्या पोटात जाणार होतं.

आरिफाने मोबाइलवर त्या वाटेचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि सांगून टाकलं, चार इंच. स्प्रिंगा नव्या, ब्रेकचे पाइप लांब, शाफ्टचा कोन मी सांभाळते. काळजी करू नका.

“चारच ना, बाबा?” चंदनने वडिलांना विचारलं. गडी तिशीचा, अंगाने दणकट, पण चहात साखर किती हेही तो वडिलांना विचारूनच सांगेल असं वाटत होतं.

आणि आता हरिश्चंद्रांचाच पाय वर येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून डावा पाय ते ओढतच चालत. रोज मुलाच्या शेजारी बसून बागेत जायचं आणि बसल्या जागेवरून बोट दाखवायचं, ही फांदी तोड, त्या झाडावर आज फवारणी कर, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. पण ते चुकवत नसत.

“मगे दोनच घालूया,” चंदन म्हणाला.

“दोन घातले तर गाडी बागेत पोचाची नाय,” आरिफा म्हणाली. “आणि चार घातले तर काका गाडयेत पोचाचे नाय.”

खाली पायरी लावायचं निघालं. ती पहिल्याच दगडाला तुटून पडेल, असं आरिफानेच सांगितलं. मग चंदनने स्टुलाचं नाव काढलं. हरिश्चंद्रांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांना पाळण्यात घालायला निघालंय.

“स्टुलार चढान बागेत जाव मी? त्यापेक्षा चार घाल. मी घराकडे रवतंय.”

“तुमी नसलात तर मी वर जावन काय करू?” चंदन म्हणाला. “खंयचा झाड कसा, माका काय म्हाईत? नको मगे. काय्येक नको. आसा तशीच रवांदे गाडी.”

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला आणि तो बोलत बोलत रस्त्याकडे गेला.

आरिफाला चुटपुट लागली. गिऱ्हाईक असं परत जाणं तिला आवडत नसे. तीन इंचात काही जमतं का, हे बघायला ती जीपखाली सरकली.

खालून तिला हरिश्चंद्रांचे दोन्ही पाय दिसत होते. मग एकच दिसला. मग एकही नाही. जीप त्या बाजूला जराशी दबली. थोड्या वेळाने दोन्ही पाय, आधी डावा, मग उजवा, अगदी अलगद खाली आले.

आरिफा बाहेर आली. हरिश्चंद्रांच्या हातात सीटवर राहिलेली तंबाखूची चंची होती.

“चढलात मा, काका.”

ते दचकले नाहीत. रस्त्याकडे बघून मुलगा लांब आहे याची खात्री करून घेतली आणि चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली.

“दोन वर्सा तेच्या बाजूक बसतंय,” ते हळू म्हणाले. “तो झाडाकडे बघणाच नाय गो. माझ्या तोंडाकडे बघता. उद्या मी नसलंय, तर झाडा तेका वळाखतली काय?”

आरिफाला तिचे वडील आठवले. गुलामभाईंनी एक दिवस डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून पाना तिच्या हातात दिला आणि गॅरेजची पायरी पुन्हा चढले नाहीत. त्याच संध्याकाळी ते चष्म्याशिवाय अख्खा पेपर वाचत बसले होते. तेव्हा तिला त्यांचा भयंकर राग आला होता.

चंदन परत आला. हरिश्चंद्र समोरच्या माडाकडे बघत तंबाखू मळत होते. त्यांनी मान वळवली नाही. चंदन कधी त्यांच्याकडे, कधी जीपकडे बघत राहिला.

“चार घालतंय,” आरिफा म्हणाली. “काकांका ह्या गाडयेत चढाक जमाचाच नाय. मी माज्या डोळ्यांनी बघलंय.”