इंजिनाजवळची खोली

क्रूझ एजंटच्या टेबलावर जहाजाचं हातभर लांब मॉडेल होतं. नवऱ्याने थेट तळाशी बोट ठेवलं. "इथली खोली द्या, इंजिनाजवळची." एजंट चाट पडला. बायकोला मात्र हसू फुटलं. उभा जन्म या माणसाने जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या तेलपाण्यात घालवला होता. भूमध्य समुद्र कितीदा ओलांडला, पण धड पाहिला नव्हता. ती फोनवर हौसेने विचारायची, "समुद्र कसा आहे हो?" हा गडी सांगायचा, "गरम!" निवृत्तीनंतर दोघं त्याच समुद्रावर निघाली होती, प्रवासी म्हणून. तिने त्याचं बोट धरलं आणि एकेक मजला चढवत वरच्या बाल्कनीवर नेऊन टेकवलं. "ही खोली." "अगं, इंजिनाची घरघर नसली तर मला झोप लागत नाही!" "मग जागे राहा!" ती ठसक्यात म्हणाली. "आणि समुद्र कसा आहे ते सकाळी मला नीट सांगा."