इच्यारून सांगते

"सातवा प्रश्न, मावशी. गुरांच्या दवाखान्यात काय बदल व्हायला हवा?"

"थांब पोरी. मालकास्नी इच्यारून सांगते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. बांगड्या वाजत लांब गेल्या. स्वप्नाली वाट बघत बसली. राजारामपुरीतल्या पक्षाच्या कार्यालयात दुपारी तीनला तिच्याशिवाय कुणी नसे. खालच्या क्लासमधली पोरं एका सुरात कसली तरी सूत्रं घोकत होती.

दोन मिनिटांनी बांगड्या परत आल्या.

"मालक म्हंत्यात, डाक्टर धाला येतो. तवा जनावरं रानात असत्यात. यायचं तर सातला यावं, न्हायतर येऊच नये."

स्वप्नालीनं शब्दन् शब्द उतरवून घेतला.

यंदा पक्षानं ठरवलं होतं, धोरण करायचं ते गावोगावच्या साध्या सभासदांना विचारून. ठरवणारे ठरवून मोकळे झाले आणि फोन करायचं काम स्वप्नालीच्या गळ्यात पडलं. प्रश्न बारा, दर बुधवारी एक. यादीत एकशे चाळीस सभासद. त्यातले निम्मे प्रश्न ऐकायच्या आधीच विचारत, "ताई, तिकीट कुणाला?" उरलेले म्हणत, "सायेब म्हणतील ते." कोडोलीचे पिराजी तेवढे दर बुधवारी नेमानं उत्तर देत, तेही बायकोच्या तोंडून. त्यांना ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं जमत नाही, हे चिमणाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

आठवा प्रश्न बाजाराचा होता.

"मालक म्हंत्यात, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाया सकाळधरनं पाणी पीत न्हाईत. आडोसाच न्हाय कुठं. आधी त्येचं बघा, मग पत्र्याचं शेड घाला."

कार्यालयप्रमुख गणपतरावांनी ते वाचलं आणि चष्मा वर सारला. "गडी बारीक नजरेचा दिसतोय. बायकांचं एवढं ध्यानात येतंय म्हंजे घरात दोघांचं चांगलं जमत असणार."

स्वप्नालीलाही तेच वाटायचं. तिचा नवरा पुण्यात होता. दोन वर्षांत त्याचा फोन नाही, आला तर त्याच्या वकिलाचा. खोलीवर गेली की ती आधी टीव्ही लावायची, कुणीतरी बोलत असावं म्हणून. आणि बुधवारी बांगड्या लांब गेल्या की तिच्या डोळ्यांसमोर एक घर यायचं. पुढच्या सोप्यात बसलेला म्हातारा, दाराशी म्हातारी. एकजण विचारतंय, दुसरा सावकाश विचार करून सांगतोय. तिला त्या दोघांचा हेवा वाटे. कधीकधी ती मुद्दाम एखादा उपप्रश्न काढी, म्हणजे चिमणाबाई अजून एकदा जाऊन येतील.

बारावं उत्तर आलं ते एस.टी.चं. कॉलेज सुटल्यावर पाच मिनिटांत गाडी निघते, पोरी चुकतात, मग बाप शिक्षण बंद करतो. गाडी दहा मिनिटं उशिरा सोडा, मालक म्हंत्यात.

गणपतरावांनी कागद जुळवून टाचले. "धोरण समितीत एक खुर्ची गावच्या सभासदाची. बाराच्या बारा उत्तरं देणारा हा एकच निघाला. रविवारी अकराला त्याला इथं आण. आला न्हाय, तर विजयसिंह बसणार."

विजयसिंह म्हणजे साहेबांचे मेहुणे. प्रचार सोडला तर गावात पाऊल न टाकणारे.

"आणि ध्यानात ठेव," गणपतराव म्हणाले, "सभासदच पायजे. दुसरं कुणी चालत न्हाय."

स्वप्नालीनं लगेच फोन लावला. "मावशी, काकांना समितीत बोलवलंय! रविवारी. मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येते."



"एवढ्या लांब कशाला येतीस गं?"

"येणारच. त्यांना विचारा ना, येतील का."

बांगड्या गेल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. फोन कट झाला की काय, म्हणून तिनं दोनदा बघितलं.

"येत्यात म्हंत्यात," चिमणाबाई म्हणाल्या. आवाज एवढासा झाला होता.

रविवारी साडेनऊला गाडी कोडोलीत दारापुढं थांबली. सोप्याच्या कट्ट्यावर बंडीतला म्हातारा पेपर वाचत बसला होता. अगदी तिच्या मनातल्यासारखा. तिला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. आतल्या दारात चिमणाबाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, पायात चपला, हातात कापडी पिशवी. सोबत येणार असतील तर बरंच, गाडीत जागा होती.

म्हाताऱ्याची मात्र अजून काहीच तयारी नव्हती. स्वप्नाली त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "काका, चला! समिती वाट बघतेय तुमची!"

"वरडतीस कशाला? ऐकू येतंय की." पिराजींनी पेपर खाली ठेवला. "कसली समिती?"

तिनं टाचलेले कागद पुढं केले. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि सगळं शेवटपर्यंत वाचलं. गुरांचा डॉक्टर, बाजारातला आडोसा, पोरींची एस.टी. मग पहिलं पान परत उलटून बघितलं.

"झ्याक लिवलंय. पण वर माझं नाव कशाला?"

"तुमचीच उत्तरं आहेत, काका. मावशी दर बुधवारी फोन ठेवून तुम्हाला विचारायच्या ना?"

पिराजींनी दाराकडं मान वळवली नाही. कागदांची घडी घालून तिच्या हातात परत दिली.

"ती मला इच्यारणार? अकरा वर्सं झाली पोरी, आमचं बोलणं न्हाय."